ढालकिडा बरा की क्रायसोपा?

कपाशीवरच्या माव्यासाठी, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीसाठी, ढालकिडा (लेडीबर्ड) सोडावा की क्रायसोपा, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही मावा खाणाऱ्या मित्रकिडी. सोडायचं नंतर पाहू भाऊ, आधी वावरात आहेत ते मारू नका.

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, कोरडवाहू. २०१८ ला पोळ्याच्या तोंडावर धुऱ्याजवळच्या चवळीवर मावा चढला, पानं चिकट्यानं चकाकत होती. त्यातच काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी दिसणारी जनावरं फिरत होती. मोठा भाऊ म्हणे, "अळी पडली." मी म्हटलं, "दादा, हे ढालकिड्याचं पिल्लू हाय, मावा खाते."

"लय शिकला तू!"

एक पान पुडीत बांधून त्यानं कृषी केंद्रात नेलं. दुकानदारानं पुडी सोडलीसुद्धा नाही, औषधाची बाटली काढून दिली. दादानं पंप पाठीवर घेतला, तोंडाला फडकं नाही. आदल्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली होती. आठ-दहा दिवसांत मावा पुन्हा आला, या खेपेला थेट पराटीवर, म्हणजे कपाशीवर, आणि ढालकिडा औषधालाही सापडेना.

तर तुमचं. ढालकिड्याचं पिल्लू आणि मोठा किडा, दोघंही मावा खातात. क्रायसोपाची फक्त अळी खाते; जाळीदार पंखांचा हिरवा मोठा किडा मकरंद-परागावर जगतो. पण ती अळी विळ्यासारख्या जबड्यांनी मावाच काय, पांढरी माशी आणि बोंडअळीची अंडीही शोषते. म्हणून कपाशीला मी क्रायसोपाच म्हणेन. त्याची अंडी केसाएवढ्या दांडीवर उभी असतात, बुरशी समजून पुसू नका. नुकत्याच फवारलेल्या वावरात सोडाल तर पैसे पाण्यात. आणि गुलाबी अळी एकदा बोंडात शिरली की दोघांचाही उपयोग नाही.

हां, एक राहिलंच. सगळेच ठिपकेवाले आपले नसतात. वांग्यावरचा हड्डा अठ्ठावीस ठिपक्यांचा, अंगावर बारीक लव, चकाकी नाही; तो पानांची जाळी करतो. पुढच्या वर्षी आईच्या वांग्यांवर मीच त्याला मित्रकीड म्हणून राहू दिला. दादा ते आजही चार लोकांत काढते. चवळीवर पिल्लू ढालकिड्याचंच होतं, हे मात्र अजून कबूल करत नाही.