नाकातल्या पेशींचा उपचार आणि फॉर्मवरची तुमची सही

ताई, तुमचं पत्र वाचलं. गुहागरला घरच्याच वाडीत सुपारी काढताना यजमान पोफळीवरून पडले आणि कमरेखालचं अंग लुळं झालं. आता एक खाजगी केंद्र ‘नाकातल्या पेशी मणक्यात सोडून नक्की चालवतो’ म्हणतंय. दीड लाख आगाऊ घेतले, इंग्रजी फॉर्मवर तुमची सही घेतली, आणि उरलेल्या पाच लाखांसाठी तुम्ही वाडी गहाण टाकायला निघालात. वाडीला हात लावू नका.

त्या पेशींचा गुण खरा आहे, म्हणून तर माणूस भुलतो. वासाचे चेतातंतू आयुष्यभर नव्याने फुटतात आणि त्यांना वेढणाऱ्या आवरण-पेशी त्यांना मेंदूपर्यंत वाट करून देतात. लंडनचे चेताशास्त्रज्ञ जेफ्री रेझमन यांनी यावर आयुष्य घातलं. २०१२ मध्ये पोलंडला दारेक फिडिका या कमरेखाली लुळ्या पडलेल्या रुग्णावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढे ते आधाराने चालू लागले. मात्र त्यासाठी कवटी उघडून एक घ्राणकंद, म्हणजे मेंदूतला वास टिपणारा भाग, काढला, त्यातल्या पेशी वाढवल्या, घोट्याजवळच्या नसेचे तुकडे मज्जारज्जूत बसवले आणि आधी-नंतर महिनोन्‌महिने कसून व्यायाम करून घेतला. एवढं करूनही तो एका रुग्णाचा अनुभव. त्यावर ‘नक्की’ हा शब्द कुणी विकू नये.

आता कायदा. असा प्रयोग माणसावर करायचा तर २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांखाली केंद्र सरकारची परवानगी, नैतिक समितीची मान्यता आणि सरकारी चाचणी-नोंदवहीतला क्रमांक लागतो. तिन्ही लेखी मागा, स्पीड पोस्टाने. आणि खरी चाचणी असेल, तर त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. लकवा बरा करतो अशी औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यांचं पत्रक असेल तर जपून ठेवा.

सहीची धास्ती नको. यजमान शुद्धीत आहेत, समजतंय त्यांना, मग संमती त्यांचीच हवी. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेच सांगितलं. तिथे सज्ञान रुग्णाच्या आईची संमतीही चालली नव्हती. तुमच्या सहीवर त्यांच्या मणक्यात सुई घालता येत नाही.

पैसे परत मागणारी नोटीस पाठवा. दिले नाहीत तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, रत्नागिरीच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. भरलेल्या दीड लाखाच्या तक्रारीला तिथे फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या. पावती, फॉर्मची प्रत आणि फोनवरचे मेसेज सोबत जोडा, आणि यजमानांचा व्यायाम एक दिवसही चुकवू नका.