इंग्रजी: स्टँडर्ड (साधा कोर्स) घ्यायचं की ॲडव्हान्स्ड (वरचा कोर्स)?

ताई, लेक अकरावीत चालली म्हणून एवढं टेन्शन घेऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये एचएससीला (तिथल्या बारावीच्या प्रमाणपत्राला) इंग्रजी सक्तीचंच, आणि त्याची दोन युनिटं (विषयाच्या भाराचं माप) एटारमध्ये, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या रँकमध्ये, धरली जातातच. तेव्हा निवड नीट करा, पण झोप उडवून नव्हे.

सध्या एवढंच बघा:

- दहावीतले तिचे निबंध काढून वाचा. ती नुसती गोष्ट सांगून थांबते, की लेखकाने ती अशी का मांडली यावर बोलते? दुसरं जमत असेल तर बेधडक ॲडव्हान्स्ड. नुसतं व्याकरण चोख असून भागत नाही. आपली हुशार मुलं नेमकी इथेच अडतात.
- पुढे एक्स्टेन्शन (इंग्रजीचा जादा, आणखी वरचा कोर्स) हवं असेल तर ॲडव्हान्स्डच लागतं.
- ॲडव्हान्स्डमधून स्टँडर्डला येणं सोपं, उलटं अवघड.

नेहमीची चूक म्हणजे ‘स्केलिंग (एटारसाठी विषयांचे गुण एका मापात आणणं) चांगलं’ एवढंच ऐकून ॲडव्हान्स्ड घेणं. ॲडव्हान्स्डला बारावीत शेक्सपिअर टळत नाही. तो नकोसा असेल तर स्टँडर्डमध्ये कमीपणा कसला? आणि भारतातून आलोय म्हणून ईएएलडी (इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांसाठीचा इंग्रजी कोर्स) मिळेल असं धरून चालू नका. पाच वर्षांहून जास्त इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांसाठी ते नाही.

मॉड्यूलांचं, म्हणजे कोर्समधल्या भागांचं, नंतर बघू. आधी तिच्या इंग्रजीच्या टीचरना भेटा, तिला सोबत घेऊन.