सेल पास झाला, पॅकचं काय?

प्रश्न : जयसिंगपूरला माझं छोटं वर्कशॉप आहे. पाठीवरच्या फवारणी पंपांसाठी लिथियम पॅक बनवतो. १८६५० मापाचे, २६०० एमएएचचे बारा सेल. चार-चार समांतर जोडून असे तीन गट मालिकेत, वर बीएमएस (जास्त चार्ज किंवा शॉर्ट झालं की करंट तोडणारा बोर्ड). केनियातल्या एका व्यापाऱ्याने विमानाने पन्नास पॅक मागवलेत. कार्गो एजंटने ‘यूएन ३८.३’ मागितलं. सेलवाल्याने दिलेली पीडीएफ पाठवली, तर ‘ही चालत नाही’ म्हणाला. दुसरा एजंट म्हणतो, ‘पंपाचे प्लॅस्टिक पार्ट’ असं लिहा, बाकी माझ्यावर सोडा. काय करू?

उत्तर : दुसऱ्या एजंटचा नंबर आधी मोबाइलमधून काढून टाका. का, ते पुढे सांगते.

पहिला एजंट बरोबर बोलला, फक्त कारण सांगायचा त्याने कंटाळा केला. तुमची पीडीएफ आहे सेलची. तुम्ही बारा सेल घेतले, निकेलच्या पट्ट्यांनी स्पॉट वेल्डिंग केलं, बीएमएस लावला, वर श्रिंक चढवलं. नियमाच्या दृष्टीने ही नवी वस्तू झाली आणि तिची चाचणी वेगळी. संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-पुस्तकातल्या, लिथियम बॅटरीच्या वाहतुकीसाठीच्या ३८.३ या भागात टी-१ ते टी-८ अशा आठ चाचण्या आहेत. त्यातल्या टी-६ (आघात किंवा चिरडणं) आणि टी-८ (जबरदस्तीने डिस्चार्ज) सेलवरच होतात. सेलवाल्याचा कागद खरा असेल तर त्या दोन तुम्हाला पुन्हा करायला नकोत. उरलेल्या सहा तुमच्या पॅकवर व्हायलाच हव्यात.

कागद खरा असेल तर, असं मुद्दाम म्हणतेय. एकवीस वर्षं मी पुण्यात बॅटरी चाचणीच्या कामात काढली. एकदा एका गिऱ्हाइकाने आणलेल्या कागदावर सेलचं वजन ४५ ग्रॅम छापलं होतं, आमच्या तराजूवर तो भरला ३२ ग्रॅम. कागद कुठल्यातरी चांगल्या सेलचा, माल भलताच. तेव्हा पीडीएफ उघडून मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवा आणि दुकानातल्या सोन्याच्या काट्यावर का होईना, एक सेल तोलून बघा.

आता चाचण्या. पहिल्या पाच त्याच पॅकवर, त्याच क्रमाने होतात. बरेच जण इथेच फसतात, कारण आधीच्या चाचणीत हललेलं वेल्डिंग पुढच्या चाचणीत सुटतं. एकूण आठ पॅक द्यावे लागतात : चार नवेकोरे फुल चार्ज, चार पंचवीस वेळा चार्ज-डिस्चार्ज करून मग फुल चार्ज. सातवी चाचणीही आठ पॅकवरच असते, पण पहिल्या पाचांतून धड बाहेर पडलेले पॅक तिला वापरता येतात. तरी मी चार-सहा जादाच पाठवायला सांगते.

टी-१ मध्ये पॅक ११.६ किलोपास्कल दाबात सहा तास ठेवतात. समुद्रसपाटीला हवेचा जो दाब असतो त्याच्या नवव्या हिश्श्याच्या आसपास. टी-२ ही खरी रटाळ : ७२ अंशांत सहा तास, मग अर्ध्या तासाच्या आत उणे ४० मध्ये सहा तास. असं दहा वेळा. म्हणजे पाच दिवस, वर एक दिवस विश्रांती. टी-३ मध्ये कंप, ७ हर्ट्झपासून २०० पर्यंत आणि परत, तिन्ही दिशांना तीन-तीन तास. टी-४ मध्ये १५० जीपर्यंतचे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दीडशे पटीपर्यंतचे धक्के, एकूण अठरा.

या चार चाचण्यांनंतर पॅक पेटला नाही एवढ्यावर भागत नाही. गळती नको, व्होल्टेज आधीच्या नव्वद टक्क्यांच्या खाली नको आणि वजन घटायला नको. तुमच्या पॅकएवढ्या वस्तूला सूट एक दशांश टक्का. पॅक साडेसहाशे ग्रॅमचा धरला तर जेमतेम पाऊण ग्रॅमही नाही. आमच्याकडे तोलताना पंखा बंद, दार बंद, हातमोजे घालायचे. एकदा एका पॅकचं वजन जवळजवळ एक ग्रॅमने कमी भरलं. गळती कुठे दिसेना. इलेक्ट्रोलाइट गळलं की नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा गोडसर वास येतो, तोही नव्हता. शेवटी कळलं, ७२ अंशांच्या भट्टीत चिकटपट्टीचा एक तुकडा सुटून जाळीखाली पडला होता. म्हणून सांगते, स्टिकर आणि टेप उष्णता सोसणारीच लावा. असल्या पट्टीपायी आठवडा वाया गेलेले कारखानदार मी पाहिलेत.

टी-५ म्हणजे शॉर्ट. पॅक ५७ अंशांना आणतात आणि ०.१ ओहमपेक्षा कमी रोधाने दोन टोकं जोडतात. कवचाचं तापमान १७० अंशांवर जाता कामा नये, फुटणं-पेटणं नको आणि पुढचे सहा तास नजर ठेवतात. इथे सगळी भिस्त तुमच्या बीएमएसवर. टी-७ म्हणजे ओव्हरचार्ज, तिथेही तेच : कमाल चार्जिंग करंटच्या दुप्पट करंट, २४ तास. तुमचा पॅक १२.६ व्होल्टला भरतो, त्यामुळे चाचणीत किमान २२ व्होल्ट लावतील. बाजारातल्या स्वस्त बीएमएसवरचे मॉसफेट, म्हणजे करंट तोडणारे स्विच, नेमके इथे दगा देतात. आतल्या आत शॉर्ट होऊन बसतात, मग तोडणार कोण? पॅक पाठवण्याआधी बेंच सप्लायवर २२ व्होल्ट लावून बीएमएस एकट्याला तपासा. पॅकला जोडून नको, नुसत्या बोर्डाला.

पुढे कधी अठरा सेलचा मोठा पॅक काढलात तर हाच रिपोर्ट चालेल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. नाही चालणार. वॉट-अवर, म्हणजे पॅकमध्ये मावणारी ऊर्जा, वीस टक्क्यांहून जास्त बदलले की तो नवा प्रकार धरतात, आणि बारावरून अठरा म्हणजे पन्नास टक्के. बीएमएस बदललात तरी आधी लॅबला विचारा.

प्रयोगशाळा अमुकच हवी असं नियमात नाही, पण मान्यता नसलेल्या लॅबचा कागद एजंट उचलत नाहीत, म्हणून एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी आपली राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली धरा. रिपोर्टसोबत ‘टेस्ट समरी’ मागून घ्या. १ जानेवारी २०२० पासून बनवणाऱ्याने ती उपलब्ध ठेवणं बंधनकारक आहे. एका पानाचं काम : तुमचं नाव-पत्ता, लॅबचं नाव, रिपोर्ट नंबर आणि तारीख, पॅकचं वजन, वॉट-अवर, कोणत्या चाचण्या झाल्या, सही.

वॉट-अवरवरून आठवलं. तुमचा पॅक ११.१ व्होल्ट गुणिले १०.४ अँपिअर-अवर, म्हणजे साधारण ११५ वॉट-अवर. शंभरच्या वर, त्यामुळे तो पुरता नववा वर्ग, धोकादायक माल : प्रमाणित पेटी, लेबल, घोषणापत्र, सगळं. सुट्ट्या पॅकचा क्रमांक यूएन ३४८०. एप्रिल २०१६ पासून असा माल प्रवासी विमानात जात नाही, फक्त मालवाहू विमानात, तोही तीस टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज न ठेवता. पॅक पंपात बसवून पाठवलात तर क्रमांक ३४८१ होतो आणि प्रवासी विमानाचाही रस्ता उघडतो. व्यापाऱ्याला विचारा, पंपासकट घेतोस का. घाई नसेल तर न्हावाशेवाहून बोटीने पाठवा. तीस टक्क्यांची अट तिथे नाही. चाचणी मात्र तीच.

आता ते ‘प्लॅस्टिक पार्ट’. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून कोलोनला निघालेलं एक मालवाहू ७४७ हवेतच पेटलं, परत फिरताना कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. चौकशीत दिसलं की विमानात धोकादायक माल आहे असं कागदावर कुणीच लिहिलं नव्हतं. निदान तीन खेपांमध्ये मात्र नवव्या वर्गात मोडणारे लिथियम-आयन पॅक होते. एजंट म्हणतो बाकी माझ्यावर सोडा. पण पाठवणारा म्हणून कागदावर सही तुमची असते.

प्रश्न : आम्ही दोघं मुलीकडे टोरांटोला चाललोय. २०,००० एमएएचची पॉवर बँक चेक-इन बॅगेत ठेवली तर चालेल? शिवाय यांच्या लॅपटॉपची बॅटरी थोडी फुगलीय, ती तिकडे बदलून घेऊ म्हणतो. (डोंबिवली)

उत्तर : चेक-इनमध्ये अजिबात नको, हातातल्या बॅगेत घ्या. वीस हजार गुणिले ३.७ भागिले हजार, म्हणजे ७४ वॉट-अवर. शंभरपर्यंत परवानगी लागत नाही. शंभर ते एकशे साठला विमानकंपनीला विचारावं लागतं. मागे छापलेला आकडा पुसट झाला असेल तर सुरक्षा तपासणीत अडवतील, मग वाद घालत बसू नका. वरच्या कप्प्यात ठेवू नका, सीटजवळ ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये कोरियात एक विमान उड्डाणाआधीच पेटलं, आग वरच्या कप्प्यात लागली होती आणि पॉवर बँकेतून लागली असावी असं तपासात सांगितलं गेलं. वेळीच दिसणं महत्त्वाचं.

फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप मात्र न्यायचाच नाही. ‘थोडी’ फुगली असं काही नसतं हो. डोंबिवलीतच बॅटरी काढून घ्या, जुनी दुकानदाराकडे द्या आणि लॅपटॉप नव्या बॅटरीसकट न्या.

प्रश्न : नवी ई-स्कूटर घेतली. डीलर म्हणतो, बॅटरी यूएन ३८.३ पास आहे, रात्रभर चार्जिंगला लावा, भीती नाही. आम्ही जिन्याखाली लावतो. बरोबर ना? (नाशिक)

उत्तर : ३८.३ ही प्रवासाची परीक्षा. पेटीतून इकडून तिकडे जाताना पॅक काय करेल, एवढंच ती बघते. दोन पावसाळे, खड्डे आणि रोजचं चार्जिंग तिच्या अभ्यासक्रमात नाही. दुचाकीच्या बॅटरीसाठी आपल्याकडे एआयएस-१५६ हे सुरक्षा मानक आहे. तुमच्याच नाशिकला ९ एप्रिल २०२२ ला कंटेनरमध्ये चढवलेल्या चाळीस ई-स्कूटरपैकी वीस जळाल्या होत्या, आठवत असेल. त्या वर्षी देशभर अशा आगी लागल्या आणि मग हा नियम कडक झाला : डिसेंबर २०२२ पासून एक टप्पा, मार्च २०२३ अखेरपासून दुसरा. एक सेल पेटला तर आग पॅकभर पसरते का, हे त्यात तपासतात. तुमच्या मॉडेलची मंजुरी सुधारित नियमानुसार आहे का, ते डीलरकडून लेखी घ्या.

आणि चार्जर जिन्याखालून आजच हलवा. आग लागली तर वरच्या मजल्यावरची माणसं त्याच जिन्याने उतरणार आहेत.