लार्ज फॉरमॅटच्या सात लेन्सपैकी कोणत्या ठेवाव्यात आणि कोणत्या विकाव्यात?

आपल्याकडे 4×5 इंची फिल्मचा, घडी घालून नेता येणारा फील्ड कॅमेरा आहे आणि त्याचा बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांमधला भाता, फार तर 320 मिलिमीटर उघडतो. लेन्स सात आहेत: 90 मिलिमीटर फोकल लेंग्थच्या दोन (अँग्युलॉन एफ 6.8 आणि सुपर-अँग्युलॉन एफ 8), 135, 150, 210, 300 आणि शटर नसलेली एक जुनी पितळी पोर्ट्रेट लेन्स. त्यांपैकी तीन ठेवायच्या आहेत, काम मुख्यतः वास्तूंचे आणि अधूनमधून व्यक्तिचित्रांचे आहे, आणि शेवटी आपण विचारले आहे की ज्यांना चांगला भाव येतो त्याच विकून मोकळे व्हावे का. या शेवटच्या वाक्यामुळेच मी उत्तर लिहायला बसलो, कारण हाच प्रश्न आमच्या घरात एकदा उभा राहिला होता आणि अजूनही पुरता मिटलेला नाही.

आमच्या वडिलांचा साताऱ्यात फोटो स्टुडिओ होता. शाळा-महाविद्यालयांचे ग्रुप फोटो, कारखान्यांची यंत्रे, लग्नाआधीची स्थळांसाठीची छायाचित्रे, असे सगळे काम त्यांनी मोठ्या कॅमेऱ्यावर केले. स्टुडिओ बंद झाल्यावर आमचे थोरले बंधू, ज्यांनी आयुष्यात कधी काळ्या कापडाखाली डोके घातले नाही, सगळ्या लेन्स एका पेटीत घालून मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे घेऊन निघाले आणि मीही सोबत गेलो. व्यापाऱ्याने श्नायडर कंपनीची 150 ची सिमार-एस लेन्स खिडकीकडे धरली, काचेच्या कडेला दिसणारे पांढरे ठिपके पाहिले, ‘फंगस आहे’ असे म्हणाला आणि भाव निम्म्यावर आणला. दादा लगेच तयार झाले.

मी टॉर्च मागितला. शटर आणि अपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने प्रकाश टाकला, की काचेतला दोष लपत नाही. बुरशी असेल तर बारीक तंतू फांद्या फुटल्यासारखे काचेवर पसरलेले दिसतात, आणि ती जुनी असेल तर पुसल्यावरही कोटिंगवर तिचा माग राहतो. इथे काच स्वच्छ होती. ठिपके होते ते काचेच्या कडेला आतून दिलेला काळा रंग सुटल्यामुळे, आणि श्नायडरच्या जुन्या लेन्समध्ये हा प्रकार इतका नेहमीचा आहे की जाणकार त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. छायाचित्रावर त्याचा दृश्य परिणाम होत नाही. व्यापाऱ्याला हे ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. मी लेन्स खिशात घातली आणि परत आणली. दादांनी एसटीत बसल्यापासून घरी पोहोचेपर्यंत मला ऐकवले की हा व्यवहार नव्हे, हा निव्वळ भावनेचा खेळ आहे.

भावनेचा त्यात काहीही संबंध नव्हता. तीच लेन्स घेऊन मी नंतर वाईला ढोल्या गणपतीच्या घाटावर उभा राहिलो. देवळाचे शिखर फ्रेममध्ये घ्यायचे म्हणून कॅमेरा वर कलंडवला तर भिंती आत झुकतात. त्यामुळे मागची बाजू ओळंब्यात ठेवून पुढची लेन्स वर उचलावी लागते. ग्राउंड ग्लासवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या धूसर काचेवर, सगळे उलटे दिसते, शिखर खालच्या कडेला कापलेले असते, आणि नॉब फिरवत गेले की ते हळूहळू आत सरकते. कुठे थांबायचे, हे आकाशाच्या बाजूचे दोन कोपरे सांगतात. ग्राउंड ग्लासच्या कापलेल्या कोपऱ्यातून डोळा लावून लेन्सकडे पाहावे: अपर्चरचे भोक पूर्ण दिसले तर अजून जागा आहे, एका बाजूने कापलेले दिसले तर फिल्मचा तो कोपरा काळवंडणार. या लेन्सचे इमेज सर्कल, म्हणजे ती मागे टाकते त्या गोल चित्राचा व्यास, अपर्चर एफ 22 पर्यंत बारीक केल्यावर 210 मिलिमीटर असल्यामुळे उभ्या फ्रेमला सुमारे 33 मिलिमीटर वर जाता येते. शिखर कळसासकट आले.

म्हणून माझे म्हणणे असे की लेन्सची निवड तिच्यावर कोरलेल्या नावावरून किंवा बाजारभावावरून करू नये, ती इमेज सर्कल आणि आपला बेलोज यांवरून करावी. फिल्मवरचे प्रत्यक्ष चित्र 96×120 मिलिमीटरचे, त्याचा कर्ण सुमारे 154 मिलिमीटर. आपल्या अँग्युलॉनचे सर्कल जवळपास तेवढेच आहे, म्हणजे लेन्स उचलायला जागाच नाही. वास्तूंसाठी ती निरुपयोगी आहे, विका. सुपर-अँग्युलॉनचे सर्कल 216 आहे, ती ठेवा. एफ 8 मुळे वाड्याच्या माजघरात ग्राउंड ग्लासवर फारसे काही दिसत नाही हे खरे, पण खांबाशी पेटता टॉर्च ठेवून त्याच्यावर फोकस करता येतो.

300 ची गोष्ट सरळ आहे. 320 मिलिमीटरच्या बेलोजवर ती पाच मीटरच्या जरा अलीकडेपर्यंतच फोकस होईल. दोन मीटरवरच्या माणसाचे व्यक्तिचित्र काढायचे तर 350 च्या वर बेलोज लागतो. त्याच अंतराला 210 ला 235 पुरतात. तेव्हा व्यक्तिचित्रांसाठी 210 ठेवा आणि 300 विका, मग तिला कितीही कमी भाव येवो.

राहता राहिला 135 की 150 हा प्रश्न. दादा अभियंते आहेत आणि 90, 135, 210 हीच मालिका जवळपास समान पटीने वाढणारी आहे, हे ते आजही सणावारी पानावर बसल्या बसल्या सिद्ध करून दाखवतात. कागदावर ते बरोबर आहे. पण 135 च्या सिमार-एस लेन्सचे सर्कल 190 च्या आसपास असते आणि उभ्या फ्रेमला जेमतेम 22 मिलिमीटर मिळतात. देऊळ समान पटींचा विचार करून बांधलेले नसते. म्हणून 150 ठेवा.

पितळी लेन्सविषयी मला फारसे प्रेम नाही. टोपी काढून-लावून एक्स्पोजर देण्याइतकी मंद फिल्म आणि तितका स्थिर बसणारा माणूस असेल तर ठेवा, अन्यथा तिच्यासाठी हौशी गिऱ्हाईक नक्की मिळेल. विकण्याआधी प्रत्येक शटर एका सेकंदावर चालवून पाहा. जुन्या शटरची मंद गतीच आधी अडकते, आणि अशा लेन्सना बसणाऱ्या कोपाल कंपनीच्या शटरचे उत्पादन थांबल्यामुळे नीट चालणाऱ्या शटरसाठीही लोक लेन्स घेतात. ठेवलेल्या लेन्स पावसाळ्यात चामड्याच्या डब्यात अजिबात नकोत. ड्राय कॅबिनेटमध्ये 40 ते 50 टक्के आर्द्रतेला ठेवाव्यात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. वरचे आकडे एफ 22 चे आणि दूरच्या विषयाचे आहेत, आणि आपल्या 135 व 150 कोणत्या बनावटीच्या आहेत हे आपण लिहिलेले नाही. टेसार रचनेची, म्हणजे चारच काचांची, 150 असेल तर तिचे सर्कल बरेच लहान असते आणि माझे गणित लागू पडत नाही. 300 जर टेलिफोटो रचनेची असेल तर तिला बेलोज बराच कमी लागतो, मग तिचा पुन्हा विचार करा. शिवाय आपले काम पुण्याच्या पेठांतल्या बोळांमध्ये असेल, जिथे मागे सरायला भिंतच आडवी येते, तर 150 विकून 135 ठेवणे शहाणपणाचे ठरेल. हे वाक्य कृपा करून आमच्या दादांना दाखवू नये.