गल्ली सहा मीटरची, स्वप्नं अकरा मजल्यांची

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्मी पुनर्विकासाची, उरलेली जमिनीची. उत्तरं इतरांच्याही कामाला येतील अशी चार घेतो आहे.

प्रश्न : पुण्यात कर्वेनगरला आमची तीन मजली सोसायटी आहे, 1986 सालची, 18 फ्लॅट. बिल्डर आधी प्रत्येकाला 35 टक्के जादा जागा देतो म्हणाला. आता म्हणतो, गल्ली सहा मीटरची आहे, गणित बसत नाही. खरं काय?

बिल्डर खरं बोलतोय, फक्त उशिरा. डिसेंबर 2020 पासून मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात तुमच्या इमारतीची उंची-रुंदी तुमच्या प्लॉटइतकीच समोरच्या रस्त्यावर ठरते.

प्लॉट हजार चौरस मीटरचा धरा. रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) 1.1, म्हणजे 1,100 चौ.मी. प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) नाही. तोच रस्ता नऊ मीटर झाला की 0.5 प्रीमियम आणि 0.4 टीडीआर चढतो, म्हणजे 2,000. वर पैसे भरून मिळणारा 60 टक्के पूरक एफएसआय दोन्हीकडे आहेच. तो धरून 1,760 विरुद्ध 3,200. तुमच्या काळच्या इमारतींनी एक एफएसआय बहुतेक वापरलेलाच असतो. मग 1,760 मध्ये 18 जणांना वाढीव जागा द्यायची, भाडं द्यायचं आणि विकायला फ्लॅट काढायचे कुठून?

आता उपाय. पालिकेनं तुमच्या गल्लीची रस्तारेषा (रस्त्याची अधिकृत हद्द) कायद्यानुसार नऊ मीटर आखली असेल, तर प्लॉटची पुढची पट्टी रस्त्याला सोडून नऊ मीटरचा लाभ घेता येतो, सोडलेल्या जागेचा मोबदलाही एफएसआयच्या रूपात मिळतो. असे सहा मीटरचे 323 रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव पालिकेनं 2020 मध्ये काढला होता. तेव्हा विरोधही झाला, आणि तो सगळाच चुकीचा नव्हता: आज कंपाउंड मागे जातं, झाड जातं, आणि शेजारच्या सोसायटीनं पुढची वीस वर्षं पुनर्विकास केलाच नाही तर रस्ता दात पडलेल्या फणीसारखा राहतो. म्हणून एकट्यानं पळू नका, गल्लीतल्या सगळ्या सोसायट्या एका बैठकीत बसवा.

त्याआधी टेप घेऊन स्वतः मोजा. परवा एका सोसायटीबरोबर मी मोजायला गेलो होतो. कोपऱ्यावर 6.4 मीटर भरले, ट्रान्सफॉर्मरपाशी 5.7. कागदावर मात्र सगळीकडे सरळ सहा. मंजूर ले-आउटमधली रुंदी आणि जागेवरची रुंदी यांत फरक असेल तर तो करारनाम्यावर सह्या होण्याआधी मिटवायचा असतो. आणि हो, 30 वर्षांहून जुन्या इमारतींसाठी नियमावलीत वेगळी सवलत आहे. ती बिल्डरच्या नव्हे, तुम्ही नेमलेल्या आर्किटेक्टकडून तपासून घ्या.

प्रश्न : मुळशी तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) 2021 च्या प्रारूप आराखड्यात तिच्यावर खेळाचं मैदान दाखवलं होतं. आराखडाच रद्द झाला, तर आता जमीन मोकळी का?

त्या मैदानातून सुटलात, पण मोकळे नाही झालात. 2025 मध्ये प्रारूप रद्द झाल्यावर 1997 च्या प्रादेशिक योजनेतला झोन (जमिनीचा ठरवून दिलेला वापर) तुमच्या गटाला लागू राहतो. गट नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. सातबारावर यातलं काहीही दिसत नाही, आणि नेमकं तिथंच लोक फसतात.

मैदानाचं आरक्षण पुन्हा पडू शकतं. पडलं तर हरकतीच्या मुदतीत मोजणी नकाशा जोडून लेखी हरकत द्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा. ‘आम्ही गरीब शेतकरी आहोत’ यापेक्षा ‘शेजारचा सरकारी गट मोकळा आहे, मैदान तिथं बसतं’ हे वाक्य सुनावणीत जास्त चालतं. मी टेबलाच्या पलीकडे बसून हे पाहिलेलं आहे.

जाता जाता शहरातल्या जमीनमालकांसाठी: आरक्षण मंजूर होऊन दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर नगर रचना कायद्याच्या कलम 127 खाली खरेदीची नोटीस देता येते आणि त्यानंतर 24 महिने वाट पाहायची असते. हे घड्याळ प्रारूपापासून नाही, अंतिम मंजुरीपासून चालू होतं. जुन्या पुण्याचा आराखडा 2017 च्या सुरुवातीला मंजूर झाला. दहा वर्षं मोजा, म्हणजे 2027 मध्ये पालिकेच्या आवक-जावक टेबलावर काय येऊन पडणार आहे ते कळेल.

प्रश्न : दोन गुंठ्यांचा प्लॉट नोटरीवर घेतला. गुंठेवारीत नियमित होईल, असं एजंट म्हणतो.

गुंठेवारीचा कायदा (परवानगीशिवाय गुंठ्यांत पाडलेल्या प्लॉटसाठीचा) नियमित करतो ती बांधकामाची नि प्लॉटची अनियमितता. मालकी देत नाही. नोंदणीकृत खरेदीखत नसेल तर आधी ते. शिवाय 2021 च्या दुरुस्तीनुसार मर्यादा 31 डिसेंबर 2020 ची आहे. त्यानंतर पडलेला प्लॉट असेल तर एजंटाला दुसऱ्यांदा चहा पाजू नका.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. तिथं सरकारनं देशभराचं नियोजन धोरणच बदललं, म्हणतो. आपल्याकडे असं का होत नाही?

डिसेंबर 2024 मध्ये बदललं, बरोबर. पाच वर्षांत 15 लाख घरांचं उद्दिष्ट ठेवून तिथल्या कौन्सिलांना घरांचे आकडे पुन्हा बंधनकारक केले. आपल्याकडे जमीन आणि स्थानिक संस्था हे राज्याचे विषय. दिल्ली आदर्श नियमावली छापू शकते, तशी 2016 मध्ये छापलीही, आणि आवास योजनेतून पैसे देऊ शकते. हुकूम देऊ शकत नाही.

आपल्याकडे आकड्याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आहे: 4,000 चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर मूळ एफएसआयच्या 20 टक्क्यांत लहान घरं बांधायची आणि ती म्हाडाच्या सोडतीतून द्यायची. ही तरतूद मला इंग्लंडच्या आकड्यापेक्षा आवडते, कारण ती नकाशा मंजूर करतानाच तपासता येते. नुसता आकडा पुण्यावर लादला तर काय होईल, ते समाविष्ट गावांत जाऊन पाहा. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पालिकेत आली. टॉवर आधी उभे राहिले, आणि कित्येक सोसायट्यांच्या गेटवर आजही सकाळी सहाला टँकरची रांग असते.

मुलाला एक विचारा: त्याच्या कौन्सिलला पाण्याची लाइन आधी टाकावी लागते की घरं आधी? उत्तर आलं की मलाही कळवा.