मिलचा जार आणि बॉल: वाचकांचे प्रश्न

प्रयोगशाळेच्या मिलमध्ये नमुना बॉलसोबत जारमध्ये घालून फिरवतात आणि त्याची पावडर करतात. या जार-बॉलबद्दल येणाऱ्या बहुतेक पत्रांमागे एकच समजूत असते: जितके कठीण तितके चांगले. ती चुकीची आहे, म्हणून ही उत्तरे.

झिरकोनियाच्या (झिर्कोनियम ऑक्साइड या सिरॅमिकच्या) जारमध्ये स्टीलचे बॉल चालतील का?

नाही. जार आणि बॉल एकाच मटेरियलचे घ्या.

मातीच्या नमुन्यांत क्रोमियम आणि निकेल फार जास्त येतात. जार स्टेनलेस स्टीलचा आहे. विक्रेता म्हणतो, त्यातून काहीच मिसळत नाही. खरे का?

साफ खोटे. काहीच न मिसळणारा जार कुणीही बनवलेला नाही. दळताना जारही झिजतो, बॉलही झिजतात आणि ती झीज तुमच्याच पावडरमध्ये उतरते. स्टेनलेस स्टील लोह, क्रोमियम आणि बहुधा निकेल देते. म्हणजे तुम्ही जे मोजता आहात नेमके तेच. टंगस्टन कार्बाइड याहून कितीतरी कठीण, पण त्याचे कण सहसा कोबाल्टने बांधलेले असतात, म्हणून कोबाल्ट मोजायचा असेल तर तो बाद. अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) अॅल्युमिनियम देतो, अकीक (अॅगेट दगड) सिलिका, झिरकोनिया झिर्कोनियम आणि सोबत थोडे यिट्रियम किंवा मॅग्नेशियम. तेव्हा ‘सर्वांत चांगला जार कोणता’ हे विचारू नका. कोणते मूलद्रव्य मिसळले तरी तुमचे बिघडत नाही, ते आधी ठरवा.

आता एक करा. शुद्ध क्वार्ट्झ वाळू त्याच जारमध्ये, तितकाच वेळ, त्याच वेगाने दळा आणि न दळलेल्या वाळूसोबत तपासणीला द्या. दोन्हींतला फरक जारमधून आलेला. मात्र तो आकडा जुन्या निकालांतून सरळ वजा करू नका. नमुना बदलला की झीजही बदलते. मातीसाठी अकीक किंवा झिरकोनिया बहुधा जमेल, पण खरेदीआधी तुमचे विश्लेषण करणाऱ्या तज्ज्ञाला मूलद्रव्यांची यादी दाखवा. आणि तोवर जुने अहवाल पुढे पाठवू नका.

स्वस्तात मिळालेले बॉल झिरकोनियाचेच आहेत, हे कसे ओळखावे?

तराजूवर ठेवा. 10 मिमी व्यासाचा झिरकोनियाचा बॉल सुमारे 3.1 ग्रॅम भरतो. 2 ग्रॅमच्या आसपास भरला तर तो अॅल्युमिना किंवा झिर्कोनियम सिलिकेट असण्याची शक्यता मोठी. नुसते ‘झिर्कोनियम बॉल’ लिहून हा माल खपवला जातो. रासायनिक घटकांचे प्रमाणपत्र लेखी मागा. देत नसतील तर माल परत करा.

अकीकचे बॉल हळू दळतात. वेग वाढवू?

अकीकची घनता घन सेंटिमीटरला 2.65 ग्रॅम, झिरकोनियाची 6 च्या जवळ. त्याच आकाराच्या बॉलचा आघात त्याच वेगाला निम्म्याहूनही कमी. वेळ वाढवा. वेगाची मर्यादा त्या जारसाठी उत्पादकाला विचारल्याशिवाय ओलांडू नका.

अकीकचा जार धुऊन गरम ओव्हनमध्ये वाळवावा का?

नको, तडकेल. खोलीच्या तापमानालाच वाळू द्या.

जारच्या काठाला बारीक चीर आहे. पुढच्या खरेदीपर्यंत चालवू?

एकदाही नाही. फिरत्या मिलमध्ये जार फुटला तर नमुना जातो, मशीन जाते, माणसाला इजा होते. आजच बाजूला काढा, त्यावर ‘वापरू नये’ असे लिहा आणि फोटो उत्पादकाला पाठवा.