वडिलांच्या वकिलीचा माग

प्रश्न: माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी कुळांचे, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं कसणाऱ्यांचे, वकील म्हणून लोक अजून त्यांचं नाव काढतात. घरात त्यांची एकच रोजनिशी उरली आहे. तीत तारखा, आडनावं आणि सर्व्हे नंबर आहेत. एवढ्यावरून त्यांचं काम शोधता येईल का?

उत्तर: ताई, नक्की येईल. मी न्यायालयाच्या अभिलेख कक्षात नोकरी केली आहे. तिथे वकिलाच्या नावानं काहीही लावलेलं नसतं. दाव्याचा क्रमांक, वर्ष आणि पक्षकार सांगितले तरच गठ्ठा निघतो. त्यामुळे वडिलांचं नाव घेऊन गेलात तर रिकाम्या हातानं परताल. रोजनिशीतली आडनावं घेऊन जा.

त्याआधी जमिनीचे कागद पाहा. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यात १९५६ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला बहुतेक कुळं कायद्यानं जमिनीची खरेदीदार मानली गेली. पुढे कलम ३२-ग खाली किंमत ठरे, ती भरली की ३२-म चं प्रमाणपत्र मिळे आणि गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद पडे. ती नोंद काढा. हुकुमाचा क्रमांक आणि तारीख तिथे सापडण्याची शक्यता मोठी. मात्र जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा जुन्या-नव्याचा मेळ आधी भूमी अभिलेख कार्यालयातून घालून घ्या.

मामलेदाराच्या, म्हणजे आजच्या तहसीलदाराच्या, फाइलीत वडिलांची सही दिसली नाही तर निराश होऊ नका. या कायद्याखालच्या सुनावणीत तिथे वकिलांना सरसकट उभं राहता येत नसे. त्यांचं वकीलपत्र दिवाणी दाव्यात शोधा. मालकानं ताब्यासाठी दावा लावला आणि प्रतिवादीनं ‘मी कूळ आहे’ म्हटलं, की कलम ८५-अ प्रमाणे कोर्टाला तो मुद्दा मामलेदाराकडे पाठवावा लागे. ती कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, बहुधा वडिलांनीच लिहिलेली असेल. सगळे कागद कायम ठेवत नाहीत, पण निकाल आणि हुकूमनामा इतर कागदांपेक्षा जास्त टिकतो. तुम्ही पक्षकार नाही, म्हणून नकलेच्या अर्जात कारण स्पष्ट लिहा.

छापील निकालसंग्रहांवर फार वेळ घालवू नका. त्यांत उच्च न्यायालयात उभ्या राहिलेल्या वकिलांची नावं असतात. ज्यानं तालुक्यात पुरावा उभा केला, तो तिथे नसतो.

आणि ताई, एक आग्रहानं सांगतो. जमीनमालक विधवा किंवा अज्ञान, म्हणजे वयानं सज्ञान न झालेला, असेल तर कलम ३२-फ प्रमाणे कुळाची खरेदी पुढे ढकलली जाई. अशा प्रकरणांत कुळाच्या वकिलासमोर कधी कधी एखादी निराधार बाई उभी असे. रोजनिशीत तशी नावं दिसली तर ती गाळू नका. त्या फाइलीही मागवा, हरलेल्याही मागवा. तिथे वडिलांनी काय मांडलं आणि काय मांडायचं टाळलं, हे वाचलंत की लोक सांगतात त्यापलीकडचे वडील तुम्हाला कळतील.